शिध्याच्या वहीतले ‘पॅलाटाइन’ : वाइझर घराण्याचं मूळ गाव शोधताना

१७१० च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क वसाहतीचा गव्हर्नर रॉबर्ट हंटर याच्या कारकुनांनी एक हिशेबाची वही उघडली. इंग्लंडच्या राणीच्या खर्चाने आणलेल्या जर्मन कुटुंबांना रोज किती शिधा दिला, त्याची ती वही. मोठ्या माणसामागे दिवसाला सहा पेन्स, दहा वर्षांखालच्या पोरामागे चार पेन्स. कुटुंबप्रमुखाचं नाव, घरात दहा वर्षांवरची माणसं किती, त्याखालची किती, अंगावर चढलेली रक्कम किती. बस्स. गावाचं नाव नाही, धर्म नाही, बायकोचं नाव नाही. कारकुनाला ते कशाला हवं? त्याला पुढे वसुली करायची होती. या वहीत ८४७ कुटुंबप्रमुख आहेत आणि त्या सगळ्यांना मिळून एकच शब्द वापरलेला आहे, ‘पॅलाटाइन’. म्हणजे ऱ्हाइन नदीकाठच्या फाल्झ प्रांतातले.

त्यांतला एक योहान कॉनराड वाइझर. तो फाल्झचा नव्हता. त्याचं गाव तिथून आग्नेयेला, वुर्टेंबर्गच्या संस्थानात होतं. वहीवर भरवसा ठेवून फाल्झमधल्या चर्चच्या नोंदवह्या चाळत बसलं, तर दहा वर्षं घालवूनही हाती काही लागणार नाही.

वसाहतकालीन अमेरिकेतल्या जर्मन घराण्यांचा माग काढायचा झाला तर मी वाइझरांचं प्रकरण आधी वाचायला सांगेन. कारण साधं आहे. हे उत्तर माहीत असलेलं गणित आहे. या वाइझरच्या मुलाने, धाकट्या कॉनराडने, आपल्या घराण्याची हकीकत जर्मनमध्ये स्वतःच्या हाताने लिहून ठेवली. उरलेल्या आठशेहून अधिक कुटुंबांपैकी बहुतेकांकडे असलं काही नाही. त्यामुळे उत्तर समोर ठेवून मागे मागे चालत गेलं, की कुठला कागद खरं सांगतो, कुठला फसवतो आणि कुठला गप्प राहतो ते नीट दिसतं. आणि गंमत म्हणजे घरच्याच माणसाने लिहिलेली हकीकतसुद्धा एका जागी अशी गप्प बसली आहे, की त्या एका गप्पपणातून पुढे मोठी दंतकथा उभी राहिली. तिच्याकडे शेवटी येऊ.

पेनसिल्व्हेनियातून मागे

धाकटा कॉनराड वाइझर १३ जुलै १७६० रोजी वारला. पेनसिल्व्हेनियात वोमल्सडॉर्फजवळ त्याच्या शेतावरच त्याची कबर आहे. इरोक्वॉय हे तिथले मूळ रहिवासी लोक आणि पेनसिल्व्हेनियाचं सरकार यांच्यातला दुभाष्या म्हणून तो प्रसिद्ध होता. १७५२ मध्ये बर्क्स काउंटी झाली, तेव्हा तिथला न्यायाधीशही तोच. मधली काही वर्षं एफ्राटाच्या मठात ‘बंधू एनॉख’ या नावाने दाढी वाढवून राहिला, मग तिथून बाहेर पडला. त्याची मुलगी आना मारिया हिचं लग्न १७४५ मध्ये लुथरन पाद्री हेन्री मेल्खियोर म्यूलेनबेर्ग याच्याशी झालं. तिच्या मुलांपैकी पीटर हा स्वातंत्र्ययुद्धातला सेनापती आणि फ्रेडरिक हा अमेरिकी प्रतिनिधिगृहाचा पहिला सभापती. म्हणजे खालच्या पिढ्यांचं काही कोडं नाही, तिथे कागदांचा ढीग आहे. कोडं आहे ते वरच्या दिशेने.

जर्मन पूर्वज शोधणारे अमेरिकी लोक जवळजवळ सवयीने जहाजांच्या याद्या आधी उघडतात. पेनसिल्व्हेनियाच्या सरकारने सप्टेंबर १७२७ पासून फिलाडेल्फियाला उतरणाऱ्या परकीय पुरुषांकडून राजनिष्ठेची शपथ घ्यायला सुरुवात केली. सोळा वर्षांवरच्या पुरुषांची नावं, कधी कप्तानाच्या हातची, कधी ज्याच्या त्याच्या सहीची. याद्या छापलेल्या आहेत, सहज मिळतात, म्हणून सगळ्यांचा ओढा तिकडेच. वाइझर १७२९ मध्ये पेनसिल्व्हेनियात आला, शपथा सुरू झाल्यानंतर दोन वर्षांनी. मग त्यात सापडायला हवा? नाही सापडणार, कारण तो जहाजातून आलाच नाही. तो न्यूयॉर्क वसाहतीतल्या स्कोहॅरीच्या खोऱ्यातून जमिनीवरून आला. आडनावाशी मिळतंजुळतं कोणी त्या याद्यांत दिसलंच आणि ‘हाच आपला’ म्हणून चिकटवलं, तर तिथून वरचं सगळं झाड दुसऱ्याच कुणाचं होऊन बसतं. ही चूक फार जणांनी केली आहे, निरनिराळ्या घराण्यांत.

दुसरी गफलत वर्षाची. टुल्पेहॉकनच्या खोऱ्यात स्कोहॅरीहून जर्मनांची पहिली तुकडी आली ती १७२३ मध्ये. पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नर कीथने जमिनीचं आमिष दाखवल्यावर सुमारे पंधरा कुटुंबं सस्क्वेहाना नदीने खाली आणि मग स्वाटारा ओढ्याने वर अशी तिथे पोहोचली. जुन्या स्थानिक इतिहासांत त्यांचा म्होरक्या म्हणून कॉनराड वाइझरचं नाव बेधडक दिलेलं आढळतं. त्याच्या स्वतःच्या हकीकतीप्रमाणे तो सहा वर्षांनी आला. आधीची चार मुलं स्कोहॅरीत जन्मली, पुढची टुल्पेहॉकनला, असा हिशेब त्याने मुलांच्या जन्मतारखांनिशी दिला आहे. पुढारी माणूस दिसला की आसपासचं सगळं श्रेय त्याच्या खात्यावर टाकायचं, ही खोड आपल्याकडच्या गावकथांतही आहेच.

स्कोहॅरीत या लोकांनी सात वाड्या वसवल्या होत्या आणि एकेका वाडीला तिथल्या कारभाऱ्याचं नाव होतं. वाइझर्सडॉर्फ ही थोरल्या वाइझरची, आजचं मिडलबर्ग. माग काढणाऱ्याला ही बाब सोन्यासारखी आहे. कारण ही माणसं एकटीदुकटी हलत नव्हती. जहाजात जे शेजारी होते तेच हडसनकाठच्या छावणीत, तेच स्कोहॅरीत, त्यांतलेच पुष्कळ टुल्पेहॉकनला. एखाद्या कुटुंबाचं मूळ गाव सापडत नसेल, तर त्याच्या साक्षीदारांचं, मुलांच्या धर्ममातापित्यांचं, कुंपणापलीकडच्या शेतकऱ्याचं गाव शोधावं. बऱ्याचदा ते दोन कोसांवरचंच निघतं. हेन्री जोन्स या अमेरिकी वंशशोधकाने १९८५ मध्ये हंटरच्या वहीतल्या ८४७ कुटुंबांवर जे काम प्रसिद्ध केलं, त्याचा पाया हाच होता. त्याची जर्मनीतली सहकारी कार्ला मिटेलश्टेट-कुबासेक हिने एका गावात एक कुटुंब सापडलं, की आजूबाजूच्या गावांच्या वह्या पाठोपाठ पाहायच्या असा सपाटा लावला. एकेकट्या आडनावामागे धावणाऱ्यांना जे पन्नास वर्षांत जमलं नव्हतं, ते घोळका धरल्यावर जमलं.

डांबराची छावणी

आता १७१० कडे. दहा जहाजांतून सुमारे तीन हजार माणसं न्यूयॉर्कला पाठवली गेली, त्यांतली काहीशे वाटेतच तापाने मेली. वाइझर लिहितो, चार हजार. आकड्यात तो चुकला असेल, पण तो तेव्हा तेरा वर्षांचा पोर होता हे लक्षात घेतलं पाहिजे. या दहा जहाजांच्या उतारूंच्या याद्या नाहीत. तरी अनेक वंशावळींत ‘वाइझर कुटुंब लायन जहाजाने आलं’ असं ठामपणे लिहिलेलं असतं. हे कुठून आलं? कॉनराडने १३ जून १७१० ही पोहोचल्याची तारीख दिली आहे, आणि त्या दिवशी बंदरात आलेलं जहाज लायन होतं. अनुमान चांगलं आहे, मलाही पटतं. पण ते अनुमान आहे, नोंद नव्हे, एवढं शेजारी लिहून ठेवावं.

आणण्यामागे राणीचा दयाळूपणा होता तसा हिशेबही होता. इंग्रज आरमाराला डांबर लागे आणि ते बाल्टिककडून विकत घ्यावं लागे. हडसनकाठच्या पाइनच्या जंगलातून ते काढायला ही माणसं हवी होती. लिव्हिंग्स्टन मॅनर या जहागिरीत छावणी पडली. झाडं त्या जातीची नव्हती, शिकवणारा माणूस नव्हता, पैसा तर हंटरच्या खिशातूनच गेला. सप्टेंबर १७१२ मध्ये त्याने शिधा बंद केला आणि आपापलं बघा म्हणून सांगितलं. वाइझरच्या हकीकतीत लोक मोकळे झाले ते १७१३ मध्ये. इथे मी सरकारी वही धरेन. शिधा कुठल्या दिवशी थांबला हे देणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. घेणारा अनेक वर्षांनी आठवणीतून लिहितो, तेव्हा एका हिवाळ्याचा घोटाळा होतोच. याच हिवाळ्यात, म्हणजे १७१२-१३ मध्ये, बापाने सोळा वर्षांच्या कॉनराडला मोहॉक या इरोक्वॉयांपैकीच एका जमातीच्या वस्तीत भाषा शिकायला धाडलं. थंडीने आणि पुढे वसंताच्या तोंडावर उपासमारीने किती हाल झाले, हे त्याने सविस्तर लिहिलं आहे. असली आठवण मात्र वर्ष चुकलं तरी खरीच असते.

शिध्याची वही वंशशोधकाला आणखी एक गोष्ट देते, ती म्हणजे डोकी. दर काही महिन्यांनी घरातली माणसं मोजली जात. दहावर्षाखालचा आकडा एकाने घटला, तर मूल मेलं, दहाचं झालं किंवा घरातून गेलं. वाइझरांच्या घरात तिन्ही प्रकार संभवतात आणि ते सोडवायला हकीकत लागते. आई मे १७०९ मध्ये जर्मनीतच वारली होती. बापाने १७११ मध्ये दुसरं लग्न केलं आणि घर फुटलं. गेओर्ग फ्रीडरिख आणि क्रिस्टोफ या दोघा भावांना गव्हर्नराने बापाच्या संमतीने लाँग आयलंडला करारावर कामाला दिलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सगळ्यांत धाकटा योहान फ्रीडरिख वारला. मग सावत्र आईला मुलगा झाला, त्याचं नाव पुन्हा योहान फ्रीडरिख.

एकाच बापाचे तीन फ्रीडरिख. दोन जिवंत, एक मेलेला, त्यातही दोघांचं पूर्ण नाव एकच. मेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला देणं ही त्या समाजातली रीतच होती, आणि ‘योहान’ तर जवळजवळ प्रत्येक मुलाला लागे, त्याने कुणी हाक मारत नसे. हाक मारायची ती दुसऱ्या नावाने. आपल्याकडे पत्रिकेतलं नाव आणि हाकेचं नाव वेगळं असतं, तसंच काहीसं. कुठल्याशा कागदात नुसता ‘फ्रेडरिक वायझर’ आला आणि वंशावळ लिहिणाऱ्याने तो मेलेल्यालाच चिकटवला, असं होणं अगदी सोपं.

करारावर दिलेल्या मुलांची सरकारी यादी उपलब्ध आहे. मुलाचं नाव, वय, आईबाप, आणि कुणाकडे, कुठल्या गावी दिलं, हे सगळं तिच्यात आहे. शिध्याच्या वहीत जे नाही ते इथे मिळतं. याच यादीत तेरा वर्षांचा योहान पेटर झेंगर आहे, विल्यम ब्रॅडफर्ड या छापखानेवाल्याकडे दिलेला. पुढे १७३५ मध्ये वृत्तपत्राच्या बदनामी खटल्यातून सुटलेला झेंगर तो हाच. अनाथ आणि अर्धअनाथ पोरांचा हा इतिहास वाचताना वंशावळ बाजूला राहते.

दोन पंचांगं

लंडनमधल्या याद्या हा पुढचा, म्हणजे काळाने मागचा, टप्पा. १७०९ च्या उन्हाळ्यात सुमारे तेरा हजार जर्मन लंडनला येऊन थडकले. त्यांतल्या सुरुवातीच्या तुकड्यांची मोजणी दोन जर्मन पाद्र्यांनी मे आणि जूनमध्ये केली. या याद्या फार मोलाच्या आहेत, कारण धंदा, धर्म, वयं, बायकोमुलं असं सगळं त्यांत आहे. शेवटची यादी १५ जूनपर्यंतच्या आगमनाची. वाइझर कुटुंब २४ जूनला गावाहून निघालं. मग ते या याद्यांत नसणार, हे सरळ आहे ना?

सरळ आहे, पण योगायोगाने. वुर्टेंबर्गसारख्या प्रोटेस्टंट संस्थानांनी १७०० मध्ये नवं, म्हणजे ग्रेगरियन, पंचांग स्वीकारलं. इंग्लंड आणि त्याच्या वसाहती १७५२ पर्यंत जुन्यावरच होत्या. १७०९ मध्ये दोहोंत अकरा दिवसांचं अंतर. गावातली २४ जून ही लंडनची १३ जून ठरते. म्हणजे लंडनची शेवटची मोजणी संपायला दोनच दिवस असताना ही मंडळी नुकती नेकार नदीच्या बाजूने चालू लागली होती. लंडनला पोहोचायला त्यांना सुमारे दोन महिने लागले. तेव्हा नाव न सापडणं हा इथे ‘ते लंडनला गेलेच नाहीत’ याचा पुरावा होत नाही.

याच हिशेबाने कॉनराडच्या हकीकतीतल्या तारखा कधी एका पंचांगाच्या, कधी दुसऱ्या पंचांगाच्या आहेत. त्याचा जन्म २ नोव्हेंबर १६९६, तेव्हा वुर्टेंबर्गात जुनं पंचांग. आईचा मृत्यू १७०९, नवं पंचांग. न्यूयॉर्कला पोहोचणं १७१०, पुन्हा जुनं. शिवाय इंग्रजी कागदांत तेव्हा वर्ष २५ मार्चला बदले, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीतल्या घटना एक वर्ष मागच्या वाटतात. आपल्याला शके आणि इसवी सन यांची उलथापालथ करायची सवय आहे, म्हणून हे फार अवघड जाऊ नये. पण तारीख ‘दुरुस्त’ करून लिहू नये. कागदावर आहे तशी लिहावी आणि पंचांग कोणतं ते शेजारी टिपावं.

ग्रोसआस्पाख

मूळ गाव ग्रोसआस्पाख, बाकनांग तालुका, वुर्टेंबर्ग. कॉनराड सांगतो की आजोबा याकोब वाइझर, पणजोबाही याकोब वाइझर, आणि पणजोबा गावचा शुल्टहाइस होता, म्हणजे साधारण आपल्याकडचा पाटील. वडिलांकडचे आणि आईकडचे पूर्वज सगळे अनादि काळापासून याच गावात जन्मले, याच मातीत पुरले गेले, असंही तो म्हणतो. आई आना माग्दालेना, माहेरची यूबेले. ती गेली तेव्हा त्रेचाळिसाव्या वर्षात होती. तिच्या मागे राहिलेल्या नऊ मुलांची नावं तो देतो.

आता अडचण पाहा. एवढं ठाम गाव सांगणाऱ्या माणसाचा स्वतःचा बाप्तिस्मा त्या गावच्या वहीत शोधून मिळणार नाही. त्याचा जन्म हेरेनबेर्ग तालुक्यातल्या आफस्टेटचा, आणि बाप्तिस्मा शेजारच्या कुपिंगेनला. बाप वुर्टेंबर्गच्या घोडदळात होता आणि पलटण तिकडे पडलेली होती. हे त्याने ‘वडिलांनी मला सांगितल्याप्रमाणे’ असं म्हणून लिहिलं आहे. प्रामाणिक माणूस, ऐकीव ते ऐकीव म्हणतो. पण हे वाक्य नसतं तर? ग्रोसआस्पाखच्या वहीत बहिणी सापडल्या असत्या, कॉनराड नसता, आणि कुणी म्हणालं असतं की हे कुटुंब ते नव्हेच. सैनिकाच्या मुलांचे जन्म विखुरलेले असतात. सलग भावंडांत एक गायब असेल तर आधी बापाचा पेशा पाहावा.

‘अनादि काळापासून’ हे शब्द मात्र मी वंशावळीत घेणार नाही. वुर्टेंबर्गात चर्चच्या नोंदवह्या ठेवण्याचा हुकूमच १५५८ च्या सुमाराचा. त्यानंतर तीस वर्षांचं युद्ध, १६३४ ची नॉर्डलिंगेनची लढाई आणि तिच्यामागोमाग जाळपोळ व प्लेग, मग १६९३ मध्ये फ्रेंचांनी खुद्द बाकनांग जाळलं. असल्या मुलखात वही टिकली असेल तर ते नशीब. शिवाय दोन याकोब पाठोपाठ आले की मधला एखादा गळण्याचा किंवा दोघांचा एक होण्याचा धोका असतो. कोण कधी मेला आणि कोण कधी पाटील झाला याची सांगड लागेपर्यंत दोन याकोबांच्या मधे पेन्सिलीनेच रेघ ओढावी.

वसाहतींतल्या इंग्रजी कागदांत वुर्टेंबर्गचं ‘विर्टेनबर्ग’ आणि तिथून ‘विटेनबर्ग’ होतं, मग वाचणारा थेट ल्यूथरच्या सॅक्सनीतल्या गावी जाऊन पोहोचतो. यूबेलेचं ‘एबेले’ होतं, आणि बाईच्या नावामागे ‘इन’ लागून ‘यूबेलिन’. हे वेगळं आडनाव नव्हे, केवळ स्त्रीलिंगी रूप. जुन्या वळणाच्या जर्मन अक्षरांत ‘ए’ आणि ‘एन’ ओळखू येत नाहीत. आपली मोडी वाचलेल्यांना या त्रासाचं वर्णन करून सांगायला नको.

वुर्टेंबर्गचं एक वैभव मात्र इतर जर्मन मुलखांना नाही. १५५५ च्या कायद्याने तिथे लग्नाच्या वेळी आणि मृत्यूनंतर घरातल्या चीजवस्तूंची यादी आणि वाटणी लिहून काढणं सक्तीचं झालं. शेत, द्राक्षमळा, भांडी, अंथरुणं, बायबल, देणं-घेणं, आणि परदेशी गेलेल्या मुलाचा वाटासुद्धा. चर्चची वही फक्त जन्म-मरण सांगते, वाटणीचा कागद नाती सांगतो. आजकाल लोक संगणकावर बाप्तिस्म्याची प्रतिमा मिळाली की समाधान मानतात आणि या कागदांकडे फिरकत नाहीत. माझ्या मते खरा माल तिथेच आहे.

माझी आना एव्हा

आता तो गप्पपणा. वाइझर लिहितो की १७२० मध्ये, बाप इंग्लंडला गेलेला असताना, २२ नोव्हेंबरला स्कोहॅरीत बापाच्या घरी पाद्री हेगरने त्याचं लग्न लावलं, ‘माझ्या आना एव्हा’शी. आईचं माहेर दिलं, आजोबा-पणजोबा दिले, बायकोचं आडनाव नाही.

झालं. मोहॉकांत राहिलेला, त्यांची भाषा बोलणारा, त्यांनी आपला मानलेला माणूस, आणि बायकोला आडनाव नाही! ती मोहॉक होती, ही कथा तिथून सुरू झाली आणि तिच्या हजारो वंशजांत पसरली. आजही अनेक वंशावळींत तिच्या नावापुढे मोहॉक सरदाराची मुलगी असं लिहिलेलं असतं. कथा आकर्षक आहे हे कबूल. या घराण्याला अशा कथा चिकटतातच. नातू फ्रेडरिक सभापती असताना त्याच्या एका मताने जर्मन ही अमेरिकेची राजभाषा होता होता राहिली, ही दुसरी. तसलं मतदान कधी झालंच नाही.

पुरावा काय म्हणतो? जावई म्यूलेनबेर्गने सासऱ्याची माहिती जर्मनीत हाले शहरी आपल्या वरिष्ठांकडे पाठवली होती. त्यात सासू जर्मन, ख्रिस्ती, इव्हँजेलिकल आईबापांची असल्याचं नमूद आहे. यावर कुणी म्हणेल की पाद्र्याने वरिष्ठांपासून झाकलं असेल. शंका रास्त आहे, हितसंबंध असलेल्या साक्षीदारावर ती घ्यायलाच हवी. म्हणून एकट्या त्याच्यावर थांबायचं नाही. पुन्हा घोळका पाहायचा. हंटरच्या शिध्याच्या वहीत फेग आडनावाचं एक कुटुंब आहे, प्रमुख योहान पेटर फेग. वाइझरांसारखंच हेही कुटुंब पुढे टुल्पेहॉकनला दिसतं. आज संशोधक आना एव्हाला याच पेटर फेगची मुलगी मानतात. वाइझर दांपत्याच्या एका मुलाचं नाव पेटर होतं, हे त्याच्याशी जुळतं. नुसत्या त्या नावावर मी काही टांगणार नाही, पेटर तेव्हा पैशाला पासरी होते. पण जावयाची साक्ष, शेजार आणि स्थलांतराची वाट अशा तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवत असतील, तर चौथी त्यांत भर घालते. मोहॉकच्या बाजूने काय आहे? एक न लिहिलेलं आडनाव.

ज्यांना कागदावर विश्वासच नाही त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे. आईकडून मुलीला, तिच्याकडून तिच्या मुलीला असा अखंड जाणारा डीएनएचा एक धागा असतो. आना एव्हापासून अशा सलग लेकींच्या रांगेतली आजची एखादी स्त्री चाचणीला तयार झाली, तर तो धागा युरोपातला की अमेरिकेतला एवढं नक्की कळतं. आडनाव फेग होतं का, हे त्यातून कळणार नाही. मधल्या एकाही पिढीत मुलगा आला तर मात्र रांग तुटते, त्यामुळे सेनापती किंवा सभापतीचे वंशज इथे काही कामाचे नाहीत.

पण त्याने आडनाव का लिहिलं नाही? मला यात काही गूढ वाटत नाही. हकीकत त्याने मुलांसाठी लिहिली, आणि मुलांना आजोळ कोणतं हे ठाऊकच होतं. शेजारच्या खोऱ्यातच तर होतं. आपल्या जुन्या कुलवृत्तान्तांत सुनेचं सासरचं नाव असतं, माहेर कुठलं ते असलं तर असलं. तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यांच्या वह्यांतही पुरुषांची रांग सात-आठ पिढ्या चालते आणि बायका ‘सहकुटुंब’ या एका शब्दात येऊन जातात. त्या वह्यांची आठवण व्हायला आणखी एक कारण आहे. जर्मनीतल्या चर्चच्या नोंदवह्यांचं चित्रण करणाऱ्या युटाच्या वंशशोध संस्थेनेच हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचंही चित्रण केलं. दोन्हीकडे पुरुषाचं गाव मिळतं आणि बाईसाठी शेजार शोधावा लागतो.

मागे राहिलेली बहीण

या प्रकरणातली सगळ्यांत दुर्लक्षित व्यक्ती म्हणजे थोरली बहीण कातरिना. बाप आठ पोरं घेऊन निघाला, ती नवऱ्यासह गावातच राहिली. नवरा कॉनराड बॉस, दोन मुलं. बापाने तिला घर, शेतं, कुरणं, द्राक्षमळे, बागा सगळं विकलं. वाइझरचे वंशज मोजताना अमेरिकेतली झाडं शंभर पानं भरतात आणि हिचं नाव तळटीपेत जातं. उलट माग काढणाऱ्याने आधी हिच्याकडे जायला हवं. निघून गेलेल्याचा कागद थांबतो, राहिलेल्याचा चालू राहतो. तिच्या घरच्या वाटणीच्या यादीत जुन्या वाइझर घराची शेतं असणार, त्यांच्या सीमा असणार, आणि बापाचं येणंही.

कारण व्यवहार पुरा झाला नव्हता. निघताना जावई-मुलीकडून पंच्याहत्तर गुल्डन रोख मिळाले. उरलेले सहाशे मागाहून पाठवायचे ठरलं होतं. ते कधीच आले नाहीत, आणि शेवटी बापाने ते त्यांना भेट म्हणून सोडून दिले. मुलाने मात्र दोन्ही आकडे आपल्या हकीकतीत उतरवून ठेवले.